ती वजाची खूण मी गिळली नाही

बोलतोय तो मी, लाकडी फळा. शिक्षण चौथीपर्यंत. इस्लामपूरच्या शाळेत वीस वर्षं चौथीच्याच भिंतीवर काढली, पुढच्या वर्गात कुणी चढवलंच नाही. गुरुजींच्या मिशांत खडूची पूड पाडणं हा माझा उद्योग. सदुसष्टला कोयनेचा भूकंप झाला, मला आडवी भेग पडली आणि मी मोडीत निघालो. कारखान्यावर ऊस घालून रिकामी गाडी परत आणताना लालासाहेबांनी मला उचललं, मुलासाठी. मुलगा नाथाजी कॉलेजात फिजिक्स शिकवायचा.

खोड जाते होय? नाथाजीनं भेगेवर वजाची खूण काढली की मी ती गिळायचो. तो आठवडाभर डोकं खाजवी. सापडली की मला चापट मारी, मी त्याच्या तोंडावर पूड उडवी.

त्याचं पीएचडीचं गणित गुरुत्वाकर्षणाचं. पुण्याच्या सरांनी शेवटची मुदत दिलेली, चौऱ्याहत्तरची दिवाळी.

"आबा, बारीक कणांचं गणित केलं की उत्तर अनंत येतंय," तो लालासाहेबांना सांगे. "विजेच्या गणितात त्येला औषध हाय. काट्यावर भरली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, वजा केलं की ऊस ऱ्हातो. तसं."

"आन् गुरुत्वाचं?"

"तिथं दर फेरीला नवीनच गाडी येती. किती तोलायच्या त्येला शेवट न्हाई. पर पहिल्या फेरीतली अनंतं आपापसात कटली, तर आशा हाय."

आषाढात ती कटली. नाथाजीनं गल्लीभर गूळ वाटला. लालासाहेब म्हातारे, फौजेतून आलेले, गुळाचा खडा चघळत म्हणाले, "ह्यात माल काय हुता रं?"

"माल न्हाई, आबा. निस्तं गुरुत्व. कण एक न्हाई."

"म्हंजी रिकामी गाडी तोलून गूळ वाटलास."

नाथाजीची बायको अंजना पदरात हसली. मीही हसलो, चिमूटभर पूड सांडली.

मग नाथाजीनं गणितात एकच कण घातला. श्रावणभर लिहिलं, माझे चारी कोपरे भरले. सगळं कटलं, एक अनंत उरलं. नेमकं भेगेशेजारी.

नाथाजी माझ्याकडं बघत राहिला. "फळ्या, वजा गिळलीस न्हवं?"

गिळली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी साळसूद होतो आणि मला तोंड नव्हतं. त्यानं अंजनाच्या केसातला आकडा घेऊन भेग कोरली. पूड निघाली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उरलं.

"आवं, तिसऱ्यांदा भेग सोडून लिवलं, तरी त्येच आलं," अंजना म्हणाली. "उत्तरच तसं आसंल. कळवा की सरांस्नी."

"तू ह्या फळ्याला वळखत न्हाईस."

दसरा झाला, केसाचा आकडा भेगेतच. शेवटी दिवाळीला त्यानं कळवलं. सरांचं पोस्टकार्ड आलं: उत्तर बरोबर आहे, पण हेच परदेशात छापून आलंय. श्रावणात पाठवलं असतं, तर काही करता आलं असतं.

नाथाजीनं कार्ड दोनदा वाचलं आणि खडू कोनाड्यात ठेवला.

त्याला चार वर्षं झाली. आता मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून असतो. अंजना माझ्यावर दळणाचं लिहिते, पण भेगेशेजारचं ते अनंत कुणी पुसत नाही. जेवून उठला की नाथाजी कधीकधी भेगेत नख फिरवतो, सवयीनं.

गड्या, नको कोरूस. असती तर केव्हाच दिली असती.