काकापो, स्लॉथ आणि गप्प बसलेली नाहीद

२००७ सालच्या वन्यजीव सप्ताहात आमच्या धानोऱ्याच्या शाळेत भाषण कोणी करायचं, तर नाहीदनं. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. विषय तिनंच निवडला, न्यूझीलंडचा काकापो पोपट आणि पनामाजवळच्या एका बेटावरचा बुटका स्लॉथ. दारात वाघ, अस्वलं, रानगवे असताना या बाईला सातासमुद्रापलीकडचे पाहुणे सुचले!

"काकापो लठ्ठ, त्याले उडता येत नाई," ती माझ्यासमोर तालीम करायची. "स्लॉथले कसली घाईच नाई, झाडाले लटकून राह्यते. पण इंदुताई, धोका दिसला का दोघंही जागच्या जागी गोठतात. वरून गरुड आला तर ठीक, त्याले हललेलंच दिसते. पण मांजर वासावर येते. माणूस कुऱ्हाड घेऊन येते. मंग चूप राहून काय फायदा?"

"त्यातल्या त्यात स्लॉथ बरा," मी म्हटलं. "निदान झाडावर तरी आहे."

"अन् झाडच तोडलं तर?"

त्याच आठवड्यातल्या रविवारी तिच्या वडिलांनी, बाबूभाईंनी, मला घरी बोलावलं. चंद्रपूरहून नाहीदला बघायला पाहुणे आले होते. मुलगा बरा होता, पण त्याच्या आईनं पहिल्या चहालाच सांगून टाकलं, "आमच्या सुना नोकरी करत नाईत." या नोकरीसाठी नाहीदनं किती आटापिटा केला होता, ते मला ठाऊक होतं.

"बेटा, रिश्ता मंजूर आहे ना?" बाबूभाईंनी विचारलं.

नाहीद मान खाली घालून बसली. ओढणीचं टोकही हललं नाही. मुलगी लाजून गप्प राहिली की तिचा होकार धरायचा, हा तिथला रिवाज. लगेच 'मुबारक, मुबारक' झालं, पेढ्यांचा खोका उघडला. मला असा संताप आला! पण चारचौघांत मीही पुढे आलेला पेढा घेतला.

बाबूभाई पेढा घेऊन लेकीपाशी गेले. तिनं त्यांचा हात धरला.

"अब्बा, मी लाजून चूप नव्हती. मी भेली होती. मले शाळा सोडाची नाई."

बाबूभाईंनी पेढा खोक्यात ठेवला आणि पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफ करजा, मीच घाई केली." मग लेकीकडे वळले. "हे पयलेच काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही आजच विचारलं, अब्बा. तेही सगळ्यांसमोर."

बाबूभाई तिच्या शेजारी बसले.

"मंग आता सांग," ते म्हणाले. "मी आयकून राह्यलो."