मागच्या बाकावरच्या सुमतीबाई

माघातलं कोवळं ऊन वर्गाच्या मागच्या बाकावर उतरायचं आणि त्या उन्हात, मांडीवर पाठकोरा कागद घेऊन, सुमतीबाई बसलेल्या असायच्या. खळ दिलेल्या सुती पातळाचा मंद गंध, चष्म्याच्या काचेवर थरथरणारा प्रकाशाचा कवडसा आणि पेन्सिलीचा, पान गळावं तसा अस्फुट आवाज. विद्यापीठाने त्यांना आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात पाठवलं होतं ते प्राध्यापकांना शिकवायला शिकवण्यासाठी. हसू नका. गरज होती.

पवनारकडची मुलं बसने यायची, रोज दहा मिनिटं उशिरा. आणि नेमक्या त्याच दहा मिनिटांत साऱ्या व्याख्या फळ्यावर उमटून पुसल्या जायच्या. वर्षानुवर्षं ती मुलं मुळांविना झाड पाहत होती, आणि आमचे विद्वान त्याला आळस म्हणत होते! बाईंनी कुणाला दोष दिला नाही. नदीने हळूच पात्र बदलावं तशा त्यांनी व्याख्या तासाच्या मध्यावर नेल्या.

त्यांची एक रीत होती. तास संपला की प्राध्यापकाने चिठ्ठीवर लिहायचं: आज माझ्या शिकवण्यातून कोण बाहेर राहिलं? चिठ्ठी फक्त बाईंनी वाचायची. मी तेव्हा बी.ए.ला, चळवळीत, पत्रकं लिहिणारा. अक्षर बरं म्हणून त्या मला वर्गाच्या नोंदी उतरवायला देत. एकदा त्या नोंदींत अर्थशास्त्राच्या सरांची जुनी चिठ्ठी चुकून आली: 'सुनंदाने वऱ्हाडीत उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. वर्ग हसला. मीही हसलो.'

सुनंदा नालवाडीची, बौद्ध मजुराची लेक, घरातून कॉलेजात आलेली पहिली. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या सकाळी फाटकावर सायक्लोस्टाइल पत्रक: सरांचं नाव, सुनंदाचं नाव, कबुली जशीच्या तशी. त्या चिठ्ठीनंतर सर तिला रोज प्रश्न विचारत होते, तिच्या वऱ्हाडी उत्तराला मान डोलावत होते, हे मला ठाऊक होतं. ते मी छापलं नाही. त्याने पत्रकाची धार गेली असती.

आठवड्याभरात एकेका प्राध्यापकाने बाईंना वर्गात बसू द्यायला नकार दिला. चिठ्ठ्या थांबल्या. सुनंदाने मला सायकल स्टँडपाशी गाठलं.

"काऊन रे पुढारी, माह्यं नाव छापाले तुले कोनं सांगतलं होतं?"

"तुझ्यासाठीच तर..."

"माह्यासाठी? सर आता मले काई इचारतच नाई. माह्याकडं पाहाले बी भेतात."

बाईंनी पत्रक शांतपणे वाचलं, त्याची चौकोनी घडी केली, आणि सांजवेळी पाण्यावरून उजेड सरकत जावा तशी त्यांची नजर माझ्यावरून सरकली. "अक्षर मात्र सुबक आहे हो तुझं," एवढंच म्हणाल्या. मी पोलिसांच्या शिव्या पचवल्या होत्या; ती स्तुती अजून घशाखाली उतरलेली नाही.

चैत्रात, पळस झडून गेल्यावर, विद्यापीठाने बाईंना परत बोलावून घेतलं. सुनंदाने पुढच्या वर्षी कॉलेजात नाव घातलं नाही. मी मात्र पास झालो, चांगल्या गुणांनी.

वर्षं उलटली की अपराध पुसट होत जाईल, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. ज्यांच्यापाशी तो कबूल करायचा, ती माणसंच तेवढी काळाबरोबर दूर दूर जात राहतात.