पडद्यावर उतरलेलं नाव

विश्रामबागेतल्या दादासोच्या कॅफेत फोनची एकच लाईन होती. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि फोन यायचा असला की इंटरनेट तोडायचं. त्या शनिवारी दुपारी दादासोनं गिऱ्हाइकांना समोरच्या टपरीवर चहाला पिटाळलं आणि लाईन मोकळी ठेवली, कारण मस्कतहून महेंद्रचा फोन येणार होता.

महेंद्र हा स्वप्नाचा थोरला भाऊ. तो तिकडं वेल्डिंगच्या कामाला गेला आणि मागं कडेगावात त्याला मुलगी झाली. उद्या, रविवारी दुपारी बाराला तिचं बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे स्वप्नाचा. आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणाला कळू द्यायचं नाही, बापालासुद्धा. म्हणून कॉम्प्युटरचा क्लास करणाऱ्या स्वप्नानं एक वेबपान तयार करायला घेतलं. घरात नाव घेतलं जाईल त्याच वेळी महेंद्रनं कंपनीच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडायचं. त्याची अट एकच होती : नाव मराठीत हवं. रोजच्या इंग्रजी-अरबी पाट्यांत लेकीचं नाव तरी आपल्या अक्षरांत दिसावं.

आज तिनं नाव न घालता नुसतं स्वागताचं पान इंटरनेटवर चढवलं होतं, दिसतं का ते बघायला.

फोन वाजला.

"सपने, काय लिवलंयस गं हे? मुंग्यांची रांग फुटल्यागत दिसतंय."

"आसं कसं, दादा? हितं तर झ्याक दिसतंय."

"हितं न्हाई दिसत. वरचं कमळ तेवढं लय भारी. त्यातलं 'नमो बुद्धाय' लख्ख वाचलं मी."

"तेवढं वाचता आलं?"

"व्हय. पर उद्या नीट कर बाई. सायेब दहा मिनिटं बसू देतो म्हणलाय. परत मागायला मला तोंड न्हाई."

स्वप्नानं रिसीव्हर ठेवला. तिला क्लासात शिकवलेलं आठवलं. आपण टाइप केलेली अक्षरं तारेतून जातच नाहीत. जातात ते त्यांचे नंबर. समोरचं यंत्र ते नंबर घेतं आणि स्वतःजवळच्या साच्यात ओतून अक्षरं काढतं. मस्कतच्या यंत्राजवळ मराठीचा साचाच नव्हता. मग 'नमो बुद्धाय' कसं दिसलं? ते तिनं टाइप केलं नव्हतं, कमळाच्या चित्रातच रंगवलं होतं. चित्राला साचा लागत नाही. ते इथून जसं निघतं तसंच तिथं पोचतं.

"नावाचं चित्र काढायचं," ती मोठ्यानं म्हणाली.

मग काय, तिला भानच उरलं नाही. त्या वर्षी वेबपानांवर ज्या ज्या गोष्टींची टूम होती, त्या सगळ्या तिनं आणून लावल्या. लुकलुकणारे दिवे, सरकती पाटी, पाहुणे मोजणारे आकडे, निळं तारांकित आकाश, पाळण्याची धून. आणि या सगळ्याच्या तळाशी फुलांच्या चौकटीत नाव.

दादासो मागून बघत होता. "आगं, ही वेबसाईट हाय का जत्रा?"

"गप वो दादासो. लाईन जोडा."

पान उघडायला लागलं. आकाश सावकाश पाझरत खाली आलं. एक दिवा लागला, मग दुसरा. खिडकीतून मावळतीचं पिवळं ऊन पडद्यावर पडलं होतं, आणि स्वप्नाला वाटलं, हे सगळं समुद्राच्या पोटातून चाललंय. दिव्यांच्या मागं मागं पाळणा तरंगतोय आणि पलीकडच्या काठावर दादा वाट बघत उभा आहे. ती बघत राहिली. पाळणा अर्ध्या समुद्रात आला आणि पडद्यावरचं सगळं थांबलं. लाईन तुटली होती.

"पंधरा मिनिटं झाली," दादासो हळूच म्हणाला. "तुझ्या भावाला दहाच हायत न्हवं?"

स्वप्नानं दिवे काढले. मग आकडे, पाटी, आकाश. पाळण्याच्या धुनेपाशी तिचा हात अडला, पण तीही गेली. शेवटी कमळ काढताना तिचे डोळे भरले.

"आता काय ऱ्हायलं?" दादासोनं विचारलं.

"नाव."

कोऱ्या पांढऱ्या पानावर एकच छोटं काळं चित्र ठेवून ती एसटीनं कडेगावला गेली.

रविवारी बुद्धवंदना झाली. मायावहिनीच्या मांडीवरच्या बाळाकडं वाकून स्वप्नानं कानात नाव सांगितलं. बायका हसल्या, साखर वाटली, पण तिचे कान शेजारच्या लालासाहेबांच्या घराकडं होते. गल्लीतला फोन तिथंच होता. हाक आली तशी बाळासकट सगळ्याजणी तिकडं धावल्या.

"दादा?"

"काय बोलू नगंस, मीच सांगतो." महेंद्रचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. "आदी चंद्राच्या कोरीगत येक वेलांटी उतरली. मग लांब रेघ. म्हणलं, आता काय लोंबतंय हिला? मग सगळी अक्षरं हळूहळू खाली येत गेली गं, आंगणात कुणी पाय टाकत यावं तसं. मी श्वास धरून बसलोय आन् सायेबबी."

"मग? काय आलं?"

पलीकडं तो नुसता हसला. "तुला कशाला सांगू? तुला ठावं हाय. फोन तिच्या कानाला लाव."

स्वप्नानं रिसीव्हर बाळाच्या इवल्या कानाशी धरला. बाळानं हातपाय हलवायचे थांबवले, आणि समुद्रापलीकडून बापानं हळूच म्हटलं,

"विशाखा."