ब्युरोचा कायम माणूस

सकाळी दहाच्या ठोक्याला जो खुर्चीत बसलेला असेल, तोच त्या दिवसाचा नोकर, असा सुयोग एम्प्लॉयमेंट ब्युरोचा नियम होता. खुर्च्या सहा आणि माणसं नऊ. उरलेल्या तिघांनी जिन्यात ताटकळायचं आणि पगाराविना घरी जायचं. ही अक्कल मालक शिवशरणसाहेबांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेली नव्हती. मिलच्या फाटकावर बदली कामगारांची हजेरी घेण्यात त्यांची उमर गेली होती. कोण आत आणि कोण बाहेर, हे बोटाने दाखवायची त्यांना चटकच लागली होती. मिलने त्यांना घरी बसवलं तेव्हा त्यांनी नव्या पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर स्वतःचं फाटक उघडलं, एवढंच.

ब्युरोचा धंदा म्हणजे कारखान्यांना माणसं पुरवणं. त्यासाठी ही नऊ माणसं सायकली हाणत यंत्रमागांच्या गल्ल्या पालथ्या घालत आणि शेठलोकांच्या दारात हात चोळत उभी राहत. एकदा माणूस लावला की महिन्या-दोन महिन्यांनी त्याला आमिष दाखवून यांनीच फोडायचा, दुसरीकडे चिकटवायचा आणि रिकाम्या जागेसाठी पहिल्या शेठकडे पुन्हा हसतमुखाने हजर व्हायचं. याला साहेब सेवा म्हणत. भिंतीवर 'बोला कमी, काम करा जास्त' अशी पाटी होती. आणीबाणी उठून वर्ष झालं तरी ती तशीच होती, आणि तिच्याखाली साहेब तासतासभर बोलत.

हिंदुराव या सगळ्याच्या नावाने मनातल्या मनात थुंकत असे. तो केम गावचा, बी.ए. झालेला. साहेब त्याला अडाणी वाटत, सोबतचे आठजण लाचार वाटत, आणि नोकरीसाठी माडी चढून येणारी माणसं तर निव्वळ मेंढरं. तरी साडेनऊलाच खुर्चीत जाऊन बसणारा पहिला माणूस हाच असे. त्याला कायम व्हायचं होतं. बायको सोजरबाई लग्न झाल्यापासून केमलाच सासूच्या हाताखाली राबत होती. "कायम झालो की तुला नेतो," असं तो दर खेपेला स्टेशनवर निघताना सांगायचा. गेल्या खेपेला ती म्हणाली होती, "व्हय, ठावं हाय," आणि आत निघून गेली होती. ते त्याला फार लागलं होतं.

एक दिवस साहेबांनी त्याला जवळ बोलावलं. शहराबाहेर सिद्धप्पा शेठचा टॉवेलचा कारखाना होता. ब्युरोने तिथली माणसं इतक्यांदा फोडली होती की शेठने ब्युरोच्या माणसाला फाटकात पाऊल टाकायची बंदी केली होती. "तिथं एक माणूस लावून दाखव," साहेब म्हणाले. "तुला कायम करतो. सिद्धेश्वराची शप्पथ."

हिंदुराव गेला. शेठने त्याला उन्हात उभं केलं, पण तो हलला नाही. शिव्या दिल्या, त्याने ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. शेवटी शेठला हसू फुटलं.

"बर्री, आत या. माणूस पाहिजे मला, खोटं कशाला बोलू? गोदाम बघायचं, रेल्वेत माल चढवायचा, चार अक्षरं लिहायची. मागं खोली हाय, नळ हाय, बायको-पोरांना घेऊन राहायचं. पण टिकणारा पाहिजे. तुमची माणसं टिकत नाहीत, तुम्हीच टिकू देत नाही."

"टिकणाराच देतो शेठ."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्हीच का येत नाही? उन्हात तीन दिवस टिकलाव की. त्या हलकटासाठी कशाला सायकल मारत फिरलालाय? उद्या या, मी कायमच करतो."

आता कुणाही शहाण्या माणसाने शेठचे पाय धरले असते. पण ब्युरोत राहून हिंदुरावाच्या डोक्याला एक खोड जडली होती. रिकामी जागा दिसली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायची, हेच त्याला सुचे. ती आपणही घेऊ शकतो हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही. शिवाय बी.ए. होऊन टॉवेलांचे गठ्ठे मोजायचे? आणि स्वतःच गेलो तर माडीवर सगळे म्हणणार, विकायला माणूस मिळाला नाही म्हणून स्वतःलाच विकून मोकळा झाला. तो हसून म्हणाला, "माझं तिकडं ठरलंय शेठ. तुम्हाला उद्या पक्का माणूस आणून देतो."

तो पक्का माणूस जिन्यातच सापडला. करमाळ्याचा महिपती ब्युरोतला सगळ्यात बावळट इसम होता. दुसऱ्याला आधी बसू द्यायचा आणि स्वतः उभा राहायचा. हिंदुरावाने त्याला चहा पाजला आणि शेठ देवमाणूस, खोली ऐसपैस, पाणी दिवसभर, अशी सवयीने थाप मारायला सुरुवात केली. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई उपकार झालं, दादा," तो म्हणाला. काय हे येडं, असं हिंदुरावाच्या मनात आलं.

महिपती शेठकडे कामाला लागला आणि साहेबांनी शब्द पाळला. सगळ्यांसमोर हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी हिंदुराव रुबाबात दहाला पाच कमी असताना आला आणि खुर्ची ओढू लागला, तेव्हा साहेब म्हणाले, "हे काय? कायम माणसाला खुर्ची कशाला? खुर्ची रोजच्या माणसाला. तू आता मागं उभं राहून यांच्यावर नजर ठेवायची." पगार तोच राहिला. आजवर तो ज्यांना लाचार म्हणत होता ते सहाजण आता बसून असत, आणि हा दिवसभर त्यांच्या पाठीशी उभा असे.

तरी तो केमला जाऊन सोजरबाईला घेऊन आला. कायम झालोय, एवढंच तिला सांगितलं. बोळातल्या खोलीत शिरताच तिने पदर खोचून झाडू हातात घेतला. चार घरं ओलांडून पाणी आणावं लागे, तेही ती आणू लागली.

एका रविवारी महिपती आणि त्याच्या बायकोने दोघांना जेवायला बोलावलं. खोली खरोखरच ऐसपैस होती. पाणी दिवसभर होतं. हिंदुरावाने मारलेली एकूण एक थाप खरी निघाली होती.

"आमचं सगळं दादांमुळं झालं बगा, वैनी," महिपती सांगत होता. "ही नोकरी त्यांनीच लावली."

तेवढ्यात शेठ दारात डोकावले. सोजरबाईने पदर सावरला.

"या हिंदुरावांच्या मंडळी काय?" शेठ हसत म्हणाले. "बाई, आधी यांनाच म्हटलं होतं मी, या म्हणून. खोलीसकट. नको म्हणाले. मोठी नोकरी हाय म्हणे तिकडं."

सोजरबाईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मेंढरांकडे, लाचारांकडे तो स्वतः कसं बघत आला होता, ते हिंदुरावाला ठाऊक होतं. तीच नजर आता त्याच्यावर होती, आणि ती हटत नव्हती. "मोठी म्हणजे..." तो म्हणू लागला.

ती शेठकडे वळली. "मालक, टावेलाच्या झालरी बांधाया बाई लागती का?"

"लागती की. येतं काय?"

"शिकंन."

"मग उद्यापासून या."

झालं. एवढ्यावर काम झालं. ना हात चोळले, ना थाप मारली. सोजरबाई उठली, खरकटी ताटं उचलून नळाकडे निघाली आणि महिपतीच्या बायकोला म्हणाली, "सकाळी किती वाजता यायचं ते सांगा, बाई. यास्नी कायबी इचारू नगासा."