अंजनाबाईंच्या रक्ताची काच

माझ्या सासूबाईंच्या अंगातलं रक्त कमी झालं, तेव्हा येडगावातल्या आमच्या वस्तीने निकाल लावून टाकला: सून खायला घालत नाही.

ही १९९७ सालची गोष्ट. सासूबाईंचं नाव अंजनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तेव्हा त्या बासष्टच्या होत्या. सासरे पाटबंधारे खात्यात होते, ते वारले होते. घरात आत्याबाई, माझे मालक समाधान, मी आणि आमच्या दोन शाळकरी मुली. आत्याबाईंचा आवाज असा, की दर पौर्णिमेला विहारात वंदना त्या सांगायच्या आणि बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. श्रावणातल्या पौर्णिमेला त्या मधेच थांबल्या. श्वास पुरेना. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "यशोधरा, तू म्हण पुढं."

हे नारायणगावला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याबाईंचं रक्त काढून नेलं आणि संध्याकाळी कागद आणला. हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन.

"बाईमाणसाचं बारा तरी पाहिजे," हे म्हणाले. "आई, तू जेवतीस का न्हाई?"

"जेवती की."

"मग रक्त जातंय कुठं?"

हा प्रश्न विचारला त्यांनी आत्याबाईंना, पण बघितलं माझ्याकडे.

नारायणगावच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, वर टॉनिकची बाटली. "पालेभाज्या द्या, बीट द्या, खजूर द्या. म्हाताऱ्या माणसांच्या खाण्याकडं घरच्यांचं लक्ष नसतं," म्हणाले. मी समोर उभी होते. मला त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

मग मी घालायला सुरुवात केली. सकाळी बीट किसून, दुपारी मेथी नाहीतर चवळई, संध्याकाळी खजूर. धरणातली चिलापी मासळी तर आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असायचीच. रविवारी बकऱ्याची काळीज-कलेजी आणायची, ती मुलींना एकेक तुकडा आणि बाकीची सगळी आत्याबाईंना. अळिवाची खीर केली. पायांचं सूप केलं. आत्याबाई मुकाट्याने खायच्या. फक्त एक तक्रार करायच्या, "तिखट कमी टाकत जा गं, जीभ सोलल्यावानी झालीय." मी तिखट निम्मं केलं. तरी जीभ झोंबतच राहिली.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. सहा पॉइंट आठ.

माझी नणंद वनमाला पिंपरी पेंढारला दिलेली. ती कागद बघायला म्हणून आली आणि पहिल्यांदा गेली स्वयंपाकघरात. टोपावरची झाकणं उघडून पाहिली.

"वैनी, आईच्या ताटात काय वाढता?"

"जे सगळ्यांच्या ताटात तेच, वर अजून काळीज."

"मग अंगाला का लागत न्हाई?"

"मला काय माहिती, वन्सं? मी काय डॉक्टर हाय?"

"मनानं घातलं म्हंजी अंगाला लागतं," ती म्हणाली आणि आईजवळ जाऊन बसली.

शेजारच्या चिमाबाईंनी ते ऐकलं. वस्तीत जायला तेवढं पुरेसं होतं. पुढच्या पौर्णिमेला विहारात माझ्याशेजारची बाई खरंच सरकून बसली, की मला तसं वाटलं, ते अजूनही सांगता येत नाही. पण वाटलं खरं.

वनमालेने आईला महिनाभर पेंढारला नेलं. "बघा मी कशी टवटवीत करून धाडते," म्हणाली. महिन्याने आणून सोडलं तेव्हा आत्याबाईंचा चेहरा पिवळट पडला होता, कच्च्या हळदीसारखा. तपासलं तर सहा पॉइंट पाच. मला वाटलं, आता तरी ही गप्प बसेल. ती म्हणाली, "मुळातच इतकी खंगवलीय, महिन्यात कशी भरून येईल?"

असं दीड वर्ष गेलं. डॉक्टर गोळ्या बदलायचे. लाल कॅप्सूल झाल्या, हिरव्या झाल्या. मधे ९८ साली पाच पॉइंट नऊवर गेलं तेव्हा मंचरच्या दवाखान्यात दाखल करून रक्ताची बाटली चढवली. चार दिवस गाल लाल झाले, आणि दोन महिन्यांत पुन्हा होत्या तिथं. मंचरचे डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे."

त्यात आत्याबाई पडायला लागल्या. पहिल्यांदा न्हाणीत पडल्या, मग पुन्हा न्हाणीतच. पायातली चप्पल रस्त्यात निघून जायची आणि त्यांना कळायचंच नाही, दहा पावलं पुढं गेल्यावर मी मागून उचलून आणायची. "पायाला मुंग्या येत्यात, खाली कापूस टाकल्यावानी लागतं," असं त्या सांगायच्या. नारायणगावच्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. "अशक्तपणा," म्हणाले.

मी त्यांना सांगायला गेले, "डॉक्टर, त्या एरवी नाही पडत. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पडतात."

"साबणाने घसरत असतील. फरशी कोरडी ठेवत जा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर येऊन मी बाकावर बसले. माझ्याच न्हाणीची फरशी कशी ठेवायची, ते आता डॉक्टर मला सांगणार.

पण सगळ्यात वाईट झालं ते घरात. १९९९ च्या जानेवारीत पुन्हा सहाचा आकडा आला. यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "गोळ्या नक्की देतीस ना?"

मी भाकरी थापत होते. हात पिठाचे तसेच घेऊन उठले. कपाटातून रिकाम्या पाकिटांची पिशवी काढली. मी ती पाकिटं टाकली नव्हती, कोणी विचारलं तर दाखवायला म्हणून ठेवली होती, आणि विचारलं ते माझ्याच माणसाने. पिशवी त्यांच्यापुढे ओतली.

"घ्या. मोजा. तुम्हाला मोजायचंच काम येतं."

"अगं, मी आपलं विचारलं."

"तुम्ही विचारू नका. आज मी विचारते. लॅबमध्ये आत्याबाईंच्या रक्ताचं काय करता तुम्ही? नीट सांगा मला."

ते बुचकळ्यात पडले. मग सांगायला लागले. नळीत अ‍ॅसिड घ्यायचं, त्यात रक्त सोडायचं, थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी रंग जुळवायचा. जुळला की आकडा वाचायचा.

"म्हणजे रंग बघता. आणि ते दुर्बिणीखाली काय बघता मग? तुम्हीच सांगता ना, मलेरियाची काच बघितली, अमक्याची काच बघितली."

"काचेवर रक्त पसरून रंगवायचं. मग पेशी दिसतात. लहान हायत, मोठ्या हायत, फिकट हायत, आकार कसाय."

"आणि आत्याबाईंची काच?"

ते सांडलेली पाकिटं पिशवीत भरायला लागले.

"दीड वर्षात एकदा तरी बघितली?"

"डॉक्टरांनी लिहून दिलं न्हाई कधी. नुसतं हिमोग्लोबिन लिहितात."

"आई कुणाची?" मी म्हणाले. "डॉक्टरांची का तुमची?"

ते जेवले नाहीत त्या दिवशी. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी आत्याबाईंच्या बोटाला सुई टोचली, एका काचेवर थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने सर्रकन पसरवला आणि ती काच कागदात गुंडाळून नेली. संध्याकाळी आले ते चपला न काढताच ओट्यावर बसले.

"मोठ्या हायत," म्हणाले. "पेशी. लोह कमी असलं की बारीक, फिकट दिसतात. आईच्या मोठ्या हायत, अंड्यासारख्या. आणि पांढऱ्या पेशींच्या आत एरवी तीन-चार पाकळ्या असतात. आईच्या पाच-पाच, सहा-सहा. मी चार वेळा पाहिलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लोहाचं दुखणं न्हाई हे. नसावं. मला नक्की कळत न्हाई, यशोधरा. मी नुसता टेक्निशियन हाय."

लॅबमध्ये दर बुधवारी पुण्याहून एक पॅथॉलॉजिस्ट बाई यायच्या, रिपोर्टांवर सह्या करायला. बुधवारी मी आत्याबाईंना घेऊन एसटीने नारायणगावला गेले. ते नको नको म्हणत होते, बाई रागावतील म्हणून. बाईंनी काच लावली, डोळा लावला, बराच वेळ काच सरकवत राहिल्या. मग विचारलं, "कोणाची?"

"माझ्या आईची," हे म्हणाले.

"केव्हापासून हिमोग्लोबिन कमी आहे?"

"दीड वर्ष झालं, मॅडम."

"आणि स्मिअरची काच आज?"

हे टेबलावरच्या काचा एका रांगेत लावायला लागले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

बाईंनी आत्याबाईंना आत बोलावलं. जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होती. मग त्यांना उभं केलं, पाय जुळवून, आणि डोळे मिटायला सांगितलं. आत्याबाई एकदम एका बाजूला कलल्या. बाईंनी आधीच हात पुढे धरला होता.

"डोळे मिटले की पडतात का घरी?"

"होय," मी म्हणाले. "तोंड धुताना. मी सांगितलं होतं."

"काय काय खातात?"

मी सगळं सांगितलं. चिलापी, काळीज, सूप, बीट, खजूर. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. दीड वर्षात असं पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं.

"तुमच्या खाण्यात काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व असतं. ते मासळीत असतं, काळजात असतं. तुम्ही घालत होता, पण यांचं पोट ते रक्तात घेतच नसावं. उतारवयात काहींच्या पोटाचं तसं होतं. मग कितीही खा. रक्त बनतं ते कमी आणि ओबडधोबड बनतं, आणि पायांच्या नसाही खराब होतात. पुण्याला नेऊन खात्री करून घ्या. इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि ती कायमची."

पुण्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. लाल रंगाची इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. दहा दिवसांत आत्याबाईंची जीभ बरी झाली आणि त्यांनी मिरचीचा ठेचा मागितला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. वैशाखात बुद्धपौर्णिमेला त्यांनी विहारात पूर्ण वंदना सांगितली.

पाय मात्र पुरते आले नाहीत. मुंग्या कमी झाल्या, पण चप्पल अजून निसटते, आणि काठी हातात आली ती राहिलीच. "वर्षभर आधी आला असता तर," एवढंच पुण्याचे डॉक्टर म्हणाले. हे ऐकून यांनी परत येताना राजगुरुनगरपर्यंत तोंड उघडलं नाही. आता ज्याचं ज्याचं रक्त कमी दिसतं त्याची काच हे न सांगता बनवतात. लॅबचे मालक ओरडतात, रंग फुकट घालवतो म्हणून. घालवू देत.

वनमाला आली तेव्हा मी तिला सगळं समजावून सांगितलं. पोट, जीवनसत्त्व, काच, पाकळ्या. तिने ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी ताकदीचीच इंजेक्शनं की. मी पयल्यापासनं म्हणत व्हते, आईला ताकद न्हाई." चिमाबाईंनी मान डोलावली. त्या क्षणी माझ्या हातात तवा होता, तो मी जपून खाली ठेवला.

आत्याबाईंकडून मला वाटत होतं, एखादा शब्द येईल. चारचौघांत म्हणाव्यात, सुनेने मला कधी उपाशी ठेवलं नाही. एकदा मी विचारलंच. "आत्याबाई, वन्सं मला बोलायच्या तेव्हा तुम्ही गप का बसायच्या?"

त्या शेंगा फोडत होत्या.

"मलाबी वाटायचं गं," त्या म्हणाल्या. "इतकं खाऊन अंगाला लागंना, तवा वाटायचं, ही काय करून घालतीय का काय."

मी उठून बाहेर गेले. परसात उभी राहिले. त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि खरं सांगितल्यावर भांडणार कशाला.

पुढच्या वर्षी त्यांनी इंजेक्शनं बंद केली. "आता बरी हाय की मी. कशाला दर म्हयन्याला टोचून घेऊ?" वनमालेनेही री ओढली, "सुईची सवय लागती." मी लॅबमधल्या बाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगितलं, हे रागावले, मुलींनी विनवलं. तीन महिने त्या हलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात जेवताना त्यांनी ठेच्याचा घास तोंडात घातला आणि तसाच थांबवला. पाण्याचा तांब्या ओढला. जीभ पुन्हा झोंबायला लागली होती. मी ठेचा त्यांच्या ताटातून काढून घेतला.

सकाळी मी अंगण झाडत होते, तर आत्याबाई लुगडं बदलून, काठी घेऊन दारात उभ्या.

"कितीची गाडी हाय नारायणगावची?"

"साडेनऊची. पण आत्याबाई, मी तुम्हाला तीन महिने..."

"ते गाडीत बोल," त्या म्हणाल्या. "चप्पल तेवढी नीट घाल माझ्या पायात."

मी झाडू टाकला आणि खाली बसले. गाडीत बोलले. फाट्यापासून नारायणगावपर्यंत बोलले. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.