नको म्हणणारं गाव

मुसळं पडायच्या आधी म्बाह रुबिनेमचा, म्हणजे गावाच्या रुबिनेम आजीचा, आवाज यायचा. मी तेव्हा एवढीशी, उखळाच्या काठाला माझी हनुवटीही पोचत नसे. तरी तो आवाज आधी माझ्या पोटात घुमायचा नि मग कानात:

हाण मुसळ सई, कोंडा वाऱ्याला
गिळलेला चांद सोड म्हणावं चोराला

मग ओळीने उभ्या बायका ठोका धरायच्या, कुणी उखळाच्या पोटात, कुणी काठावर, कुणी टोकाला. होडीएवढं लांब उखळ, फणसाच्या एकाच खोडातून कोरलेलं. त्याचा नाद असा, की नदीपलीकडची बदकंसुद्धा माना वर करायची.

आता भात गिरणीत जातं. उखळ राहिलं ते वाजवण्यापुरतं, आणि वाजवणाऱ्या राहिलो आम्ही, गावातलं कांडणमंडळ. पण यंदाच्या उन्हाळ्यात ते उभं चिरलं. ठोकलं की दणका येत नाही, नुसतं फस् होतं, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखं. म्बाह तेव्हापासून गायची थांबली. विचारलं की घसा बसलाय म्हणायची. वयही झालेलं. आता ती पुन्हा गाते की नाही, याचा मला घोर लागला होता.

एवढं मोठं खोड विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून गावाच्या वर्षाच्या निधीतून उखळ मागायचं ठरलं. पुरुषांच्या मंडळाला माशांचं तळं खोल करून हवं होतं, तरुण मंडळाला बॅडमिंटनच्या अंगणात दिवे.

आमच्याकडे विचारल्याबरोबर हो म्हणणं म्हणजे ताटावर झडप घालणं. आधी नको म्हणायचं. समोरच्याने पुन्हा विचारायचं. मग पुन्हा नको, पण जरा हळू आवाजात. मग त्याने रुसल्यासारखं करायचं, आणि आपण केवळ त्याचा मान राखायला म्हणून घ्यायचं. तालुक्याचे जुने साहेब इथलेच, जावाच्याच मातीतले. त्यांच्याबरोबर हे सगळं नाचासारखं चालायचं. निधी वाटायला अख्खी दुपार लागायची आणि घरी जाताना सगळे तृप्त असायचे.

यंदा त्यांच्या जागी बू तिउर्मा आल्या; बाईला आम्ही मानाने बू म्हणतो, पुरुषाला पाक. सुमात्राच्या, तोबा सरोवराकाठच्या. खणखणीत आवाज आणि मोकळं हसू. मनातलं ओठांवर, आणि समोरच्याचंही तसंच असणार हा गाढ विश्वास.

"कांडणमंडळ," निधीच्या सभेत त्यांनी यादीतून वाचलं. "नवं उखळ हवंय?"

मंडळाची प्रमुख मी. मान खाली घालून लाजत म्हटलं, "कशाला उगीच, बू. आहे ते चाललंय की."

"छान," म्हणाल्या त्या, आणि काट मारली.

माझा दुसरा नको जिभेवर तयार होता. तो मागायलाच कुणी आलं नाही.

माझी फजिती पाहूनही पुरुषांच्या मंडळाच्या पाक साकिमानची सवय सुटली नाही. आमचे मासे काय, चिखलातही खूश असतात म्हणाला. काट. दिव्यांबद्दल विचारलं तर तरुण मंडळाने सांगितलं, आम्हाला अंधारात जास्त चांगलं दिसतं. काट.

चहा निवायच्या आत सभा संपली आणि निधी जसाच्या तसा उरला. बू तिउर्मांचे डोळे भरून आले. इतकं समाधानी गाव आपण जन्मात पाहिलं नाही म्हणाल्या. सगळी रक्कम आता नदीपलीकडच्या गावाला देता येईल, त्यांनी कालच्या सभेत भरभरून मागितलंय. म्हणजे या बाई पहिलाच शब्द खरा धरतात हे त्या लबाडांना कालच कळलं होतं, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पाहुणीला तोंडावर चुकलात म्हणायचं कसं? गावप्रमुख पाक विर्यो खाकरले आणि यंदा उन्हाने लाकडं फार चिरतात म्हणाले. बू तिउर्मांनी दुजोरा दिला, त्यांच्या घरचं दारही चिरलं होतं. साकिमान म्हणाला, तळं इतकं उथळ झालंय की मासे चालत फिरतात. त्या खो खो हसल्या.

शेवटी मी उखळच अंगणात ओढून आणवलं, पाहुणीच्या मानासाठी वाजवतो म्हणून. फस्, फस्, फट्. वर मी जुळवून गायले:

पाहुणीच्या केसांत चाफा, वास येतो फार
उखळाच्या चिरेतून ये-जा करते घार

बू तिउर्मांना राहवेना. बाह्या सरसावून त्या स्वतःच मुसळ घेऊन आमच्या ओळीत घुसल्या. त्यांचा ठोका आमच्यात, आमचा त्यांच्यात, चिरेतून जुना कोंडा उडून सगळ्यांच्या नाकात. कुणीतरी शिंकलं, साकिमान हसता हसता खुर्चीवरून खाली आला, आणि मग कुणाला आवरेना. मी तर मुसळाला लटकून हसत होते आणि आतून रडायला येत होतं. धापा टाकत बू तिउर्मा म्हणाल्या की असा आवाज जगात कुठे नसेल, हे उखळ जिवापाड जपा. आणि टेबलापाशी परतून, निधी पलीकडच्या गावाला द्यायच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन काढलं.

म्बाह रुबिनेम चटईवरून उठली. आम्हाला वाटलं, घरी निघाली. ती सरळ टेबलापाशी गेली आणि बू तिउर्मांच्या मनगटावर तिने हात ठेवला.

"थांब पोरी. हे सगळे खोटं बोलतायत."

पाक विर्यो दबक्या आवाजात म्बाह, म्बाह करत राहिले. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"यांना तळं हवंय. त्यांना दिवे हवेत. पण तोंडाने हो म्हणणार नाहीत, मेले तरी."

"आणि तुम्हाला, म्बाह?" बू तिउर्मांनी विचारलं. एकदाच.

म्हातारीने ओठ हलवून पाहिले. जन्मभर न उच्चारलेला शब्द शोधताना हलवावेत तसे.

"हवंय. उखळ मला हवंय. घसा बसलेला नाही माझा, पोरी. त्या फस् आवाजावर सूर लागत नाही, म्हणून गप्प बसते. मला गायचंय. अजून पुष्कळ गायचंय."