पाचशे घासण्या आणि एक केस

"तीनशे चाळीस," डेअरीचे साहेब म्हणाले आणि पुन्हा बाटलीत डोकावले.

बाटलीत ब्रश खालीवर करणारं ते यंत्र कारखान्याचं होतं. खरं तर गल्लीचं होतं. मोटार शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या वहिनींची, दांडा समोरच्या छत्रीवाल्याचा, आणि खालचा पाट कुणाचा ते कुणी विचारलं नव्हतं. त्या गल्लीत वस्तू मागून न्यायची पद्धत होती, परत करायची नव्हती. त्यामुळे परीक्षेला सगळे आपापल्या भागाशेजारी उभे होते, पोराच्या निकालाला आल्यासारखे.

फोरमनकाका कोपऱ्यात मिशीला पीळ देत होते. या ब्रशच्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. अर्ध्याहून जास्त काम डेअरीचं, म्हणजे बाटल्या धुण्याच्या ब्रशांचं. पण गेल्या तीन महिन्यांत धुतलेल्या बाटल्यांत तीनदा काळा केस सापडला. साहेबांनी बजावलं होतं: ब्रश सुधारा, मी समोर बसून पाचशे वेळा घासून बघणार, एक केस निघाला तरी ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे अकरा माणसं घरी.

काकांनी डोकं लढवलं. छत्रीच्या काडीची तार घेऊन ब्रशच्या केसांना असा काही आवळून पीळ दिला की ज्याचं नाव ते.

"काका, छत्री गळेल, पण हा ब्रश गळायचा नाही," छत्रीवाला म्हणाला होता.

"छत्र्या गळतात हे कबूल केलंस, बरं झालं," वहिनी म्हणाल्या होत्या.

प्रत्येक ब्रश काका स्वतः तपासत. रीत त्यांचीच: ब्रश मिशीवरून फिरवायचा. मऊ की राठ, हे मिशीला जसं कळतं तसं बोटाला कळत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. आजचा ब्रश तर त्यांनी सकाळी चारदा फिरवला होता. उगाच जोखीम नको.

"पाचशे."

यंत्र थांबलं. साहेबांनी बाटलीतलं पाणी पांढऱ्या बशीत ओतलं. पाण्यावर एक काळा केस तरंगत होता.

कारखान्याच्या मालकीणबाई मटकन बसल्या. खाली स्टूल होतं हे नशीब. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

काका पुढे झाले. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन त्यांनी केसाकडे पाहिलं. केस बुडाशी पांढरा होता.

नऊ वर्षं दर रविवारी न्हाणीघराची कडी लावून काका जे करत, ते फक्त त्यांना आणि आरशाला माहीत होतं. गेले दोन रविवार या ब्रशपायी बुडाले होते.

गप्प राहिलं तर मिशी वाचत होती, बोललं तर कारखाना.

"साहेब, तो ब्रशचा नाही," काका म्हणाले. "माझा आहे."

"तुमचा कसा?"

"ब्रशच्या केसाला पांढरं मूळ नसतं. मी… कलप लावतो. तपासताना मिशीचा केस ब्रशात अडकत असणार."

सगळ्या गल्लीने एकदम छताकडे पाहिलं. गल्लीला हे नऊ वर्षं माहीत होतं.

साहेबांनी फायलीतलं पाकीट काढलं आणि जपून ठेवलेले तिन्ही केस उजेडात धरले. तिन्हींनाही कमीजास्त पांढरं मूळ.

"म्हणजे ब्रशात आधीपासून काहीच खोट नव्हती?"

"नव्हती. मीच तपासून तपासून घालत होतो."

साहेबांनी पकड मागवली आणि ब्रशचा एक केस ओढला. ब्रश, त्याचा दांडा आणि दांडा धरलेला छत्रीवाला असे तिघे पुढे आले. केस आला नाही.

"असा ब्रश मी कुठे पाहिला नाही," साहेब म्हणाले. "ऑर्डर चालू. शेजारच्या दोन डेअऱ्यांनाही दाखवतो. फक्त एक अट…" त्यांनी काकांच्या नाकाखाली पाहिलं.

"समजलं," काका म्हणाले.

मालकीणबाईंनी असा श्वास सोडला की बशीतला केस काठाला लागला.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले तेव्हा वहिनींनी त्यांना "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं आणि मग जीभ चावली. काकांनी ताटातला पहिला ब्रश उचलला, सवयीने ओठापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मग हात खाली आणून त्यांनी तो मनगटाच्या आतल्या बाजूवरून हळूच फिरवला.

"चालेल," ते म्हणाले आणि दुसरा उचलला.